जोडीने सोडायची गोष्ट

आमच्या साडूंनी जेवढ्या माणसांची सिगारेट सोडवली, तेवढ्यांची भांडुप-मुलुंड पट्ट्यातल्या सगळ्या डॉक्टरांनी मिळूनही सोडवली नसेल. पाकीटवाले, बिडीवाले, संडासात लपून ओढणारे, 'मी फक्त पार्टीत ओढतो' म्हणत रोज पार्टी शोधणारे, असे नाना तऱ्हेचे लोक त्यांच्या हाताखालून गेले आणि माणसांत आले. मीही त्यातलाच एक. ह्या सगळ्या लोकांत एकच माणूस नापास राहिला आणि तो म्हणजे साडू स्वतः. हे लिहिताना मला हसू येतं आणि लगेच ते आवरतोही, कारण आता गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्याहून बरेच मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणतो आणि ते मला 'साडूभाऊ' म्हणून वर अरेतुरे करतात. मूळचे मालवणकडचे, पण जन्म, लग्न, नोकरी, सगळं भांडुपच्या टेकडीवर. तिथल्याच एका शाळेत ते पीटीचे मास्तर होते. पांढरे कॅनव्हासचे बूट, पांढरी पँट आणि गळ्यात काळ्या दोरीला पितळी शिट्टी. ही शिट्टी रिटायर झाल्यावरही गळ्यातून उतरली नाही, लग्नामुंजीत सफारीवरसुद्धा असायची. एका रिसेप्शनला बुफेच्या रांगेत कुणी मध्येच घुसलं, तर भाऊंनी शिट्टी मारली आणि नवरानवरीसकट सगळा हॉल सरळ उभा राहिला. आवाज असा की यांनी टेकडीवरून हाक मारली तर खाली स्टेशनजवळचा रिक्षावाला मीटर टाकेल. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, मात्र लग्न झाल्यापासून फार हळू बोलते. घरात कुणीतरी एकाने हळू बोलायला हवं, असं तिचं म्हणणं.

सिगारेट सोडण्याबद्दल भाऊंचा एक सिद्धांत होता. ते म्हणायचे, "ही एकट्याने सोडायची गोष्टच नाही रे. एकटा माणूस एकट्याला आरामात फसवतो. जोडी हवी. दोघं असले की एकमेकांची लाज वाटते." ह्या सिद्धांतापायी ते कायम जोडीदाराच्या शोधात असत. लोक मुलीसाठी स्थळं बघतात तशी भाऊ स्वतःसाठी सिगारेट ओढणारी माणसं बघत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, बारशाला, एवढंच काय पण स्मशानातसुद्धा कुणी बाजूला जाऊन पेटवली की भाऊ त्याच्या शेजारी जाऊन उभे. एक आपली पेटवायची, दोन झुरके शांतपणे मारायचे आणि मग खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "काय, सोडायची का दोघांनी मिळून?" ह्या माणसाच्या बोलण्यात काय होतं देव जाणे, समोरचा हो म्हणायचा. आणि पुढे खरोखरच सोडायचा.

माझा नंबर लागला तेव्हा मी मुलुंडला राहून घाटकोपरला एका ऑफिसात जात होतो. भाऊंनी नियम घालून दिला की तलफ आली की दुसरं काही करायचं नाही, त्यांना फोन लावायचा. मी लावला. पलीकडून हॅलो नाही की काही नाही, एकदम कानठळ्या बसवणारी शिट्टी. मागोमाग हुकूम, "सावधान." मी खुर्चीत ताठ झालो. "श्वास घे. धर. सोड. विश्राम. जा, कामाला लाग." शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं की मला होमगार्डात घेतलं आहे. पहिल्या काही दिवसांत मी इतके फोन केले की भाऊंच्या शाळेत पोरं खो-खो खेळता खेळता मध्येच थबकायची, कारण शिट्टी आपल्यासाठी की मुलुंडच्या काकांसाठी हे त्यांना कळेनासं झालं. एकदा भाऊ फोन बंद करायला विसरले. शिट्टी झाली, विश्राम झाला आणि मग पलीकडे काडी ओढल्याचा आवाज आला. मी विचारलं, "भाऊ, काय ते?" उत्तर आलं, "काय नाय रे, उदबत्ती." शाळेच्या मैदानात भर दुपारी उदबत्ती. तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत भाऊंच्या सिगारेटला उदबत्ती म्हणायचा प्रघात पडला. माझी मात्र सुटली ती सुटलीच, नीटशी कधी तेही आठवत नाही.

मग शाळेच्या गेटसमोरच्या टपरीवाल्याची पाळी आली. ज्याच्याकडून रोज विकत घ्यायची त्यालाच भाऊंनी जोडीदार केलं. तो सुटलाच, वर बाटग्याची बांग मोठी म्हणतात तसा गिऱ्हाइकांना उपदेश करायला लागला. सिगारेट मागायला आलेला माणूस चिक्की घेऊन परत जायचा. भाऊंना सिगारेट देताना तर तो असा चेहरा करायचा की बघणाऱ्याला वाटावं, ह्याच्या घरी कुणी गेलं की काय. "मास्टरजी, अब आप भी छोड़ दो ना," तो म्हणायचा. भाऊ म्हणायचे, "सोडतो की. पण आता तू गेलास, मला दुसरा जोडीदार बघायला हवा."

भाऊंमध्ये निर्धार नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. नोकरीत असतानाच ते ताईला घेऊन काशीला गेले होते. काशीला गेलं की आवडती एखादी वस्तू गंगेला देऊन यायची, जन्मात पुन्हा तिला शिवायचं नाही, अशी आपल्याकडची रीत. कुणी वांगं सोडतं, कुणी पेरू. ताईने सगळा प्रवास त्या एका क्षणासाठी केला होता. घाटावर भाऊ पाण्यात उतरले, ओंजळ भरली, डोळे मिटले, आणि आख्ख्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पडवळ." पडवळ त्यांनी जन्मात कधी तोंडात घातलं नव्हतं. ताई घाटाच्या पायरीवर मटकन बसली. भाऊंचं म्हणणं, "गंगेशी खोटं बोलायचं नसतं. जे पाळता येईल तेच सोडलं." गंमत पुढेच आहे. परत आल्यापासून ह्या माणसाला पडवळाची ओढ लागली. बाजारात पडवळ दिसलं की पावलं रेंगाळायची, शेजारच्या घरातून पडवळाच्या भाजीचा वास आला की जेवण अर्धवट राहायचं. पण शिवले नाहीत, आजतागायत नाही. पंगतीत कुणी चुकून वाढलं तर पान बदलून घेतात. मी एकदा चिडून म्हणालो, "भाऊ, एवढा निर्धार तुम्ही भाजीवर वाया घालवलात."

रिटायर झाल्यावर भाऊ टेकडी चढताना मधेमधे थांबायला लागले. पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. थांबणं लोकांना कळू नये म्हणून ते दुकानांच्या काचांसमोर उभे राहत, आणि गोळा काही दुकान बघून येत नाही. त्यामुळे पीटीचे मास्तर कधी ब्लाउजपीसच्या दुकानात डोकावताना दिसत, कधी बाळंतिणीच्या मालिश-तेलाची जाहिरात वाचताना. शेवटी ताईने हळू आवाजात सांगितलं की दवाखान्यात चला, आणि ते गेले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्वच्छ सांगितलं की पायाच्या रक्तवाहिन्या बंद होत चालल्या आहेत, गोळ्या देतो, पण सिगारेट सुटली नाही तर पाय जाईल. भाऊ त्या दिवशी घाबरले. मी त्यांना तोपर्यंत घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मग चघळायच्या गोळ्या झाल्या, दंडाला लावायच्या पट्ट्या झाल्या, लवंग झाली, ज्येष्ठमध झाला. दंडाला पट्टी, गालात गोळी आणि बोटांत उदबत्ती, अशा अवस्थेत मी त्यांना गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पकडलं. ते ओशाळून म्हणाले, "सगळे मिळून काहीतरी करतील रे."

त्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे त्यांच्या गावी गेलो. तिथे देवापुढे वाडीतला वडीलधारा माणूस गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. ताईने आधीच त्या म्हाताऱ्या काकांच्या कानात सांगून ठेवलं होतं. काकांनी सूर लावला, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराचा सिगारेटीचा जा काय व्यसन आसा, ता सोडव रे म्हाराजा." "होय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि सगळ्यांत मोठा आवाज भाऊंचा होता. पार समोरच्या डोंगरावर आदळून परत आला. देवाने ऐकलं, ह्यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्या काकांचीच बिडी सुटली. तरुणपणापासून कानावर असायची ती बिडी गेली आणि म्हातारा सांगत सुटला की गाऱ्हाणं घालताना आपली आपल्यालाच लाज वाटली. अख्खी वाडी हसली. भाऊही हसले. नंतर विहिरीपाशी एकटे बसलेले दिसले तेव्हा मी जवळ गेलो नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. डॉक्टर म्हणाले, आता तरी ऐका, पुढच्या वेळी घोट्यापर्यंत जावं लागेल. ताई आमच्याकडे मुलुंडला आली, सोफ्यावर बसली आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, "मी थकले रे." मला भाऊंचा भयंकर राग आला. एवढ्या लोकांना वाट दाखवणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायाची कीव येत नाही म्हणजे काय, ह्या विचाराने डोकं भणभणलं. तसाच उठलो आणि भांडुपला गेलो. रिक्षा टेकडी चढेपर्यंत एक वेडगळ विचार डोक्यात पक्का झाला होता.

भाऊ टपरीपाशी स्टुलावर बसले होते. हातात काठी, गळ्यात शिट्टी, बोटांत उदबत्ती. समोर गेटच्या गजांतून शाळेचं मैदान दिसत होतं आणि नवीन मास्तर पोरांबरोबर स्वतः धावत होते.

"बघ त्याला," भाऊ म्हणाले. "हा पोरांबरोबर पळतो. मी कधी पळालो का? मी कडेला उभा राहून शिट्टी मारली, पोरं पळाली. जन्मभर तेच केलं. आता माका कोण पळवतलो?"

"जोडीदार बघा की."

"कोण राहिलाय रे? सगळ्यांनी सोडली."

मी टपरीवाल्याला म्हटलं, "एक द्या." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी बरणीतली एक स्वतःच उचलली, तोंडात धरली आणि भाऊंपुढे हात केला. "काडेपेटी द्या."

"काय करतोस तू?"

"परत सुरू करतो. मग दोघं मिळून सोडू. तुम्हाला जोडी हवी ना?"

मी चेष्टा करत नव्हतो, आणि ते त्यांना दिसलं. काठी न घेताच ते उठले, माझ्या तोंडातली सिगारेट हिसकावून गटारात भिरकावली, पाठोपाठ आपलीही भिरकावली, आणि शिट्टी मारली. मैदानावरची पोरं जागच्या जागी थांबली. नवीन मास्तरही थांबले. टपरीवाला बरणीवर हात ठेवून ताठ उभा राहिला. "सावधान," भाऊ ओरडले, आणि पन्नाशी उलटलेला मी भर रस्त्यात टाचा जुळवून उभा राहिलो.

"परत तोंडात धरलीस तर तंगडी मोडून ठेवीन," ते म्हणाले. मग त्यांची नजर स्वतःच्या पट्टी बांधलेल्या पायाकडे गेली आणि ते स्टुलावर बसले. बसले आणि रडायला लागले. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस रडताना अजिबात आवाज करत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"माका जमना नाय रे," ते म्हणाले. "पाय जाईल ह्याची भीती वाटते. आणि भीती वाटली की ओढावीशी वाटते."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना धरून घरी नेलं. दुकानांसमोर थांबत थांबत गेलो, ब्लाउजपीसच्या दुकानासमोर जरा जास्तच थांबलो. त्या दिवशी त्यांनी पुन्हा ओढली नाही. संध्याकाळी ताई मुलुंडहून परतली आणि तिने खीर केली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "घरात उदबत्तीचा वास येतोय, आणि माझी पूजा अजून व्हायची आहे." एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

भाऊंची सुटेल अशी आशा मला आता फारशी वाटत नाही. घोट्याचं काय होणार तेही माहीत आहे. पण हल्ली मी एक करतो. सकाळी उठल्यावर, चहानंतर, दुपारी जेवण झालं की, संध्याकाळी दिवेलागणीला, म्हणजे जेव्हा जेव्हा त्यांचा हात खिशाकडे जात असेल असं वाटतं तेव्हा, फोन लावतो आणि म्हणतो, "भाऊ, तलफ आलीय." मला तलफ येऊन जमाना झाला, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी ते काही विचारत नाहीत. लगेच शिट्टी मारतात, पूर्वीसारखीच, कान फुटेल अशी. मग सावधान म्हणतात, श्वास घे म्हणतात, आणि मी घेतो. विश्राम म्हणायला मात्र हल्ली उशीर करतात. मीही फोन ठेवायची घाई करत नाही, कारण शिट्टी वाजत असते तेवढा वेळ तरी त्यांच्या तोंडात दुसरं काही नसतं.