लाखेचं पाकीट

बाबा गेले तेव्हा माझ्यासाठी दोन वस्तू ठेवून गेले. एक कोरी वही आणि एक लाखेने बंद केलेलं पाकीट. पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वाटीने सांगितल्याशिवाय उघडू नये.'

एवढ्यावरून कुणाला वाटेल, माझे बाबा भुताखेतांच्या नादी लागलेले. तसं मुळीच नव्हतं. रत्नागिरीतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं आणि अंगात आलेलं माणूस दिसलं की आधी त्याची नाडी मोजावी, या मताचे ते होते. पण निवृत्तीनंतर वाचनालयाच्या मागच्या कपाटात त्यांना काही जाडजूड इंग्रजी खंड सापडले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विलायतेत काही विद्वान मंडळी मृतांचे निरोप सांगणाऱ्या माध्यमांची तपासणी करत, त्याची ती टिपणं होती. माध्यमाचे हात धरून बसायचं, पाय बांधायचे, पडद्यामागे डोकावायचं आणि काय घडलं ते लगोलग लिहायचं. लबाड तर ढिगाने सापडले. तरी ही माणसं पुन्हा दुसऱ्या घरी जाऊन बसत. त्यांच्यातल्या काहींनी मरण्याआधी एकेक वाक्य पाकिटात बंद करून ठेवलं, की तिकडून जमलंच तर हे कळवू. मागे राहिलेल्यांनी पाकीट उघडलं, तर जुळलं नाही.

"पण जुळलं नाही हेसुद्धा लिहून ठेवलंनी बघ," बाबा म्हणायचे. हे सांगताना त्यांचा आवाज देवळात गेल्यासारखा खाली यायचा.

मग आमच्या घरी प्लँचेट सुरू झालं. कॅरमबोर्डावर खडूने काढलेली अक्षरं, बोरिक पावडर आणि पालथी घातलेली आमटीची वाटी. बसायचं दुपारी तीनला, चहाच्या आधी. अंधारात माणूस काहीही मानतो, असं त्यांचं म्हणणं. वाटी नेहमी आईच्याच बोटाखाली चाले. कोण हजर, कोण काय बोललं, सगळं मी लिहायचं. कोर्टात कारकून असल्यामुळे ऐकलं तसं लिहिण्यात मी तरबेज होते.

वहीचं पहिलं पान मी बाबांच्या दहाव्याला लिहिलं. खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. माडावर चांगले सात-आठ बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर ती ओळखून वचन द्यायचं, ही आपली रीत. मुंबईहून आलेला भाऊ हात जोडून म्हणाला, "आईला अंतर देणार नाही." कावळे ढिम्म. लांज्याच्या आत्याने आंब्याच्या कलमांची काळजी घेऊ म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "तुमचे प्रयोग पुढे चालवीन." माझ्याकडे तर एकाने पाठच फिरवली. ऊन वर आलं. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा आई पुढे झाली आणि शेजारच्याशी बोलावं तशी बोलली, "बसेन हो मी पहिल्या पंगतीला. जा आता."

कावळा उतरला. मी घरी येऊन सवयीप्रमाणे लिहिलं आणि विसरले.

पुढे वर्षभर आम्ही दोघी वाटीपुढे बसलो. आईने सगळा जीव त्या पाकिटावर टांगला होता. वाटीने वाक्य सांगितलं आणि ते जुळलं तर बाबा कुठेतरी आहेत, नाही जुळलं तर नाहीत. वाटी म्हणे, 'बरा आहे.' वाटी म्हणे, 'कोकमं संपली.' कोकमं खरंच संपली होती, पण ते सांगायला बाबांना कशाला यायला हवं होतं? पाकिटाचं विचारलं की वाटी जागची हलत नसे. मी उघडू देत नव्हते, कारण मला भीती वाटत होती. विज्ञान गेलं चुलीत, आईचा चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका सकाळी तीच म्हणाली, "फोड गो ते. लिहून ठेव जुळलं नाही म्हणून."

मी लाख फोडली. आत चतकोर कागद होता. 'हिने यापुढे पहिल्या पंगतीला बसावे.'

मी वहीचं पहिलं पान काढून आईपुढे धरलं. एवढी मोठी गोष्ट मी स्वतःच्या हाताने लिहिली होती आणि वर्षभर वाटीला विचारत बसले होते.

आता यात पळवाट आहे, हे मलाही कळतं. पाकिटात बायकोला न ओळखता येणारं काहीतरी लिहायला हवं होतं. एवढी ढिली चाचणी बाबांनी विद्यार्थ्याला करू दिली नसती. म्हणून मी आईला विचारलं, "हे ते तुला नेहमी सांगायचे का?"

"कधीच नाही. सांगितलं असतं तर बसले नसते?"

"मग तुला कळलं कसं?"

तिने कागदाची पुन्हा घडी घातली. "जेवून उठताना जरा थांबायचे. माझ्यापुरता उरलाय का ते भाताच्या पातेल्यात बघायचे, मग हात धुवायला जायचे. रोज."

चाळीस वर्षांतलं ते रोजचं बघणं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि पुढ्यात बसून जेवत होते. विलायतेतल्या त्या माणसांना जे हवं होतं ते आमच्या स्वयंपाकघरात होतं, असं मला वाटलं. अजूनही तो कागद हातात घेतला की अंगावर काटा येतो.

आईचे डोळे भरले. "आणि मी वर्षभर तुला वाढून मग बसले. कावळ्याला फसवलं गो मी."

मी पाट मांडला. तिला हाताला धरून बसवलं आणि चुलीवरून उतरवलेला भात तिच्या ताटात वाढला. तिने त्याला बोटं लावली आणि चटकन मागे घेतली.

"केवढा गरम असतो गो," ती म्हणाली.