मार्थाबाईंनी घालून दिलेला नियम

मार्थाबाई साळवे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते भाकरी थापताना. लग्न होऊन राहात्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला त्यांच्या घरी बुधवारच्या महिला प्रार्थनासभेला नेले. सभेला अवकाश होता. बाई शाळेतून नुकत्याच आल्या होत्या आणि चुलीपुढे बसल्या होत्या. मी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इस्त्रीची साडी सांभाळत दारातच उभी राहिले. त्यांनी वर पाहून विचारले, "भूक लागलीय का?" सासूबाईंनी माझ्या वतीने नाही म्हटले. "तिला विचारलंय," असे म्हणून बाईंनी गरम भाकरी आणि लसणाची चटणी माझ्यापुढे सरकवली. भूक लागलीच होती. नव्या गावात मला कोणीतरी माझे उत्तर विचारले होते.

बाईंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग घेतले. त्यांच्याकडे बाराखडी शिकलेल्यांची नातवंडे आता शाळेत जातात. चर्चमधल्या रविवारच्या शाळेत त्या जिभेविषयीचा धडा घेत, तेव्हा उसाच्या पाचटाचे उदाहरण देत. पाचट पेटवणारा एकटा असतो, विझवायला सगळा गाव धावतो आणि तरीही शेजारच्याचा ऊस जातोच. हे मुलांना लगेच कळे, कारण प्रत्येकाने तशी आग पाहिलेली असे.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात बाईंच्या नियमाविषयी इतरही लिहितील. प्रार्थनासभेत दुसऱ्यासाठी विनंती करायची तर फक्त नाव सांगायचे. त्या माणसाला काय झाले, कोणी काय केले, यातले काही बोलायचे नाही. देवाला ते ठाऊक असते. आमच्या चर्चच्या मंडळीत हा नियम आता इतका मुरला आहे की नव्या सुनांना तो जणू पवित्र शास्त्रातच लिहिला आहे असे वाटते. बाईंना तो करावा लागला, तो माझ्यामुळे. म्हणून मी हा लेख लिहीत आहे.

बाईंनी आपल्या दिवंगत बहिणीची मुलगी लहानपणापासून सांभाळली होती. मी राहात्याला आले तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि संगमनेरकडच्या एका मुलाशी तिचा साखरपुडा झाला होता. एकदा मी माझ्या कामासाठी कोपरगावला बायकांच्या दवाखान्यात गेले असता ती मला तिथे बाकावर रडताना दिसली. तिने मला पाहिले नाही. मीही जवळ जाऊन विचारले नाही.

त्या बुधवारी बाई परीक्षेच्या कामासाठी परगावी होत्या. सभा आमच्या घरी होती. विनंत्यांची वेळ आली तेव्हा मी त्या मुलीचे नाव घेतले. तिला मी कुठे पाहिले ते सांगितले. ती रडत होती हेही सांगितले आणि देवाने तिला योग्य मार्ग दाखवावा, लग्न तोंडावर आले आहे, असे अगदी शुद्ध, नेटक्या मराठीत मागितले. बायकांनी डोळे मिटले. मलाही त्या वेळी आपण प्रार्थनाच करत आहोत असे वाटले होते. पूर्ण नाही, पण वाटले होते.

पंधरा दिवसांत ते बोलणे संगमनेरला पोहोचले आणि लग्न मोडले. त्या मुलीच्या पोटात गाठ होती आणि ती तपासायला ती एकटी गेली होती, एवढेच खरे होते. गाठ साधी निघाली. बाईंनी मुलाच्या घरी जाऊन डॉक्टरांचे कागद दाखवले. त्यांनी पाहिले आणि परत दिले. काही महिन्यांनी मुलगी नर्सिंग शिकायला गुजरातला गेली. तिने पुढे तिथेच नोकरी केली, एकटी राहिली आणि राहात्याला पुन्हा आली नाही.

लग्न मोडल्यावरच्या पहिल्याच सभेला बाई आल्या. कोण बोलले हे त्यांनी विचारले नाही. त्यांनी फक्त तो नियम सांगितला. कोंडाबाई नावाच्या एक वयस्क बाई होत्या, त्या नंतर कुरकुरल्या, "बाई, आता सभंला चव न्हाई राह्यली." सगळ्या हसल्या. मीही हसले, हे आठवले की आजही मला अन्न गोड लागत नाही.

सहा वर्षांनी माझे यजमान साखर कारखान्यातून परतताना मोटारसायकलवरून पडले. मेंदूला मार होता. प्यायलेले होते, अशी कुजबुज गावात झाली. ते खरे नव्हते. मी दवाखान्यात होते आणि माझी दोन्ही मुले बाईंकडे होती. सभेत बाईंनी यजमानांचे नाव घेतले. तेव्हा कोंडाबाईंनी विचारले, "पण नक्की काय झालतं? पिऊन पडले म्हणत्यात." बाई म्हणाल्या, "नाव सांगितलंय ना, कोंडाबाई. डोळे मिटा." हे मला सासूबाईंनी डबा घेऊन आल्यावर सांगितले. ज्या नियमाने माझ्या घराची अब्रू राखली, तो कुठून आला हे मला माहीत होते. डबा मी तसाच बंद केला.

यजमान घरी आल्यावर मी बाईंकडे गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हटले, "बाई, तिच्याबद्दल ते मी बोलले होते."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्याच आठवड्यात कळलं."

मी विचारले, मग एका शब्दाने तरी का बोलला नाहीत? त्या तांदळातच पाहत म्हणाल्या, "रोज जिभेवर यायचं. तुझं दार दिसलं की यायचं. म्हणून वर्षभर मी शाळेला पाटाकडून वळसा घालून गेले."

मला आठवले. त्या कालव्याच्या पाटाकडून का जातात असे मी एकदा विचारले होते, तेव्हा तिकडे सावली असते असे त्या म्हणाल्या होत्या. बाईंचा संयम आम्हाला स्वभाव वाटे. तो त्यांनी रोज सकाळी चालून मिळवला होता.

त्यांनी मला क्षमा केली. पण तिची क्षमा तिच्याकडेच मागावी लागेल, ती आपल्या हातात नाही, असे म्हणाल्या. मी मागितली नाही. धीर झाला नाही, हेच खरे. बाईंनी पुन्हा कधी आठवणही करून दिली नाही.

या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी त्यांच्याकडे गेले आणि हे सगळे लिहू का, असे विचारले. साखरेच्या आजाराने त्यांची दृष्टी आता फार मंदावली आहे. त्यांनी मला जवळ बसायला सांगितले. मग म्हणाल्या, "लिही. पण मला मोठी करू नकोस. माझंही चुकलंय. जाताना ती मला म्हणाली होती, मावशी, तू चारचौघींत माझ्यासाठी एक शब्द बोलली नाहीस. तिला वाटलं, मलाही ते खरं वाटतंय. मी जीभ आवरत होते गं. पण तेव्हा बोलायला हवं होतं." आणि म्हणाल्या, आधी तिला विचार.

मग मी फोन केला. इतक्या वर्षांनी तिचा आवाज ऐकला. मी सगळे सांगत गेले, ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "वहिनी, गाठीचं लिहा. तिथल्या लोकांना कळू दे. नाव नको." मी क्षमा मागितली. त्यावर ती म्हणाली, "ते आज नाही सांगता येणार." समारंभाला येशील का, असे विचारले तर म्हणाली, मावशीला म्हणावं गोळ्या वेळेवर घे.

तर मंडळीतल्या सर्वांना मी इथे सांगते की ती मुलगी निर्दोष होती. तिच्याविषयी जे पसरले ते माझ्या तोंडून निघाले होते. हे आपण सांगायला हवे होते असे बाईंना वाटते; खरे तर ते मी सांगायला हवे होते.

हा लेख मी बाईंना वाचून दाखवला. भाचीच्या उत्तरापाशी त्यांनी मला थांबवले आणि विचारले, "आज नाही, असंच म्हणाली ना ती?"

"हो, बाई."

"मग वाच पुढं," त्या म्हणाल्या आणि चष्मा काढून पदराने पुसत राहिल्या.

देवाने मार्थाबाईंना शंभरी द्यावी. त्यांची साखर ताब्यात राहावी, पुढच्या महिन्यात व्हायचे डोळ्यांचे ऑपरेशन नीट पार पडावे, गुडघ्यांनी साथ द्यावी. त्यांच्या दारात कोणी आले तर ते कोण आहे हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता यावे, एवढे आयुष्य आणि एवढी दृष्टी मी त्यांच्यासाठी मागते.