भोंगा झाला की भात

नागपूरच्या विमानतळावर आई रडली, बाबा नाही रडले. बाबांनी फक्त 'जयभीम' म्हटलं, तेही साहेबासमोर उभं राहून म्हणावं तसं ताठ. मीही 'जयभीम' म्हणाले आणि आत शिरले. मागे वळून पाहिलं नाही. त्यात हिंमत वगैरे काही नव्हती. दोन्ही खांद्यांवर सामान इतकं होतं की वळताच येत नव्हतं. त्या सामानात घरातली तांदूळ मापायची स्टीलची वाटी होती. "तिकडे वाट्या मिळत नाहीत का?" म्हणून मी आदल्या दिवशी आईवर खेकसले होते. "मिळतीन ना. पण आपल्या मापाच्या नसतीन," ती म्हणाली आणि वाटी तिने टॉवेलात गुंडाळून टाकली.

नऊ वर्षं झाली याला. मी तैवानमध्ये असते, चिप बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. खापरखेड्याच्या कॉलनीतून पुण्याला, दुबईला, कुठे कुठे गेलेल्या आणि अजून तिथेच राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय. कारण भोंगा म्हणजे काय, हे तुम्हालाच सांगावं लागणार नाही.

बाकीच्यांसाठी सांगते. बाबा वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. पाळी संपली की भोंगा व्हायचा आणि अख्ख्या कॉलनीत एकाच वेळी भात शिजायला पडायचा. आई हातातलं काम न सोडता ओरडायची, "भोंगा झाला वं, भात टाक!" माणशी एक वाटी. आई, बाबा, दादा, मी. चार वाट्या मी डोळे मिटूनही मापायचे. बाबा घरी येईस्तोवर त्यांच्या भुवयांवरची कोळशाची पूड तेवढी उरलेली असायची आणि कुकरची शेवटची शिट्टी झालेली असायची.

तैवानमध्येही भोंगा होतो. वर्षातून एकदा, दुपारी. समोरचा मोठा देश चालून आला तर काय करायचं, त्याचा सराव असतो. अर्धा तास रस्ते बंद, गाड्या जागच्या जागी, माणसं आडोशाला. माझ्या पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं असेलही, मला कळलं नसेल. रात्रपाळी करून मी दुपारी झोपले होते. भोंगा झाला. मी उठले, स्वयंपाकघरात गेले, वाटी घेतली, चार वाट्या तांदूळ धुतले आणि कुकरचं बटण दाबलं. मग खिडकीतून खाली पाहिलं, तर एवढा मोठा चौक आणि त्यात एक माणूस नाही. शिट्ट्या मारणारे दोन पोलीस तेवढे. तेव्हा कुठे माझी झोप उडाली. मी एकटी, आणि भात चौघांचा! चार दिवस तोच खाल्ला.

ही गोष्ट मी इथे जेवणाच्या सुट्टीत सांगितली की लोक हसतात. मीही हसते. पण बाबांना सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. ते बातम्या फार पाहतात. अमेरिका काय म्हणाली, चीनने जहाजं कुठे लावली, मलाच उलट सांगतात. मी त्यांना समजावलं, इथले सगळे समजावतात तसंच. म्हटलं, बाबा, जगाचे मोबाइल, गाड्या, क्षेपणास्त्रं, सगळं आमच्या चिपवर चालतं, आम्हाला कोणी पडू देणार नाही. बाबा म्हणाले, "आपण जन्मभर वीज केली. उजेड मुंबईले गेला, राख आपल्या अंगणात पडली. ते मशीन वाचवतीन, तुले कोण वाचवन?"

खरं सांगायचं तर मला भीती वाटली नाही. आधी वाटायची. जहाजं बेटाभोवती आली की मी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवायचे. आता जहाजं येतात, जातात, मी कपडे वाळत घालते. बातमीवरून बोट फिरवते आणि पुढे भाज्यांचे भाव बघते. काहीच वाटत नाही. सुन्न म्हणतात ते हेच असेल, तर ते वाईट नाही. त्यात झोप लागते.

यंदा मात्र कंपनीने परदेशी लोकांना एक फॉर्म दिला. ऑफिसातल्या लिनबाई एकेकाच्या टेबलाशी येऊन, हात जोडल्यासारखं हसून देत होत्या. खरंच काही झालं तर दोन पर्याय. कारखाना नीट बंद करेपर्यंत थांबायचं, किंवा पहिल्या विमानाने जायचं. थांबणाऱ्यांची नावं वरच्या साहेबांच्या लक्षात राहतील, हे त्या बोलल्या नाहीत, पण सगळ्यांना समजलं. जायचं असेल तर पत्ता लिहा. मी पेन काढलं, थांबण्याच्या चौकोनापाशी नेलं आणि पुन्हा टोपण लावलं. पत्त्याच्या रेघेवर तरी काय लिहू? क्वार्टर बाबांच्या निवृत्तीनंतर परत केला, त्यात आता कोण राहतं माहीत नाही. आईबाबा कॉलनीच्या फाटकाबाहेरच्या नव्या घरात राहतात. त्या घरात मी सगळी मिळून जेमतेम महिनाभर राहिलेय. तिथे रात्री दिव्याचं बटण मला सापडत नाही. फॉर्म तीन आठवडे बॅगेत पडून राहिला.

आईला फॉर्मचं सांगितलं, तर रोजचं टुमणं सुरू झालं. "काहून नाही येत वं तू? टीव्हीवर रोज जहाजं दाखवून राहिले. लिहून टाक ना, येतो म्हणून." मी म्हणायचे, बघते. नऊ वर्षं मी 'बघते'च म्हणत आलेय.

मागच्या रविवारी तिचा फोन आला, तेव्हा ती जहाजांचं काही बोललीच नाही. हसत होती. आपल्याकडेही सीमेवर तणाव, म्हणून वीजकेंद्रात सराव ठेवला होता म्हणे. पाळीचा भोंगा कधीचाच बंद झालेला. तो भरदुपारी अचानक वाजला.

"अन् मी काय केलं माहीत आहे का?" आई म्हणाली. "भात टाकला! चार वाट्या! तुझे बाबा तं समोरच खुर्चीवर बसून. दादा पुण्याले, तू तिकडे. आता हा एवढा भात कोण खाईन, सांग."

मीही हसले. मागून बाबांचा आवाज आला, "फोडणीचा कर. दोन दिवस पुरन." फोन ठेवला.

मग बॅगेतून फॉर्म काढला. 'पहिल्या विमानाने' यावर खूण केली. पत्ता फाटकाबाहेरच्या घराचा लिहिला, पिनकोड फोनमध्ये बघून. शेवटचा रकाना होता, पोचल्यावर घ्यायला कोण येईल. तिथे आईचं नाव लिहिलं. लिनबाईंनी दुसऱ्या दिवशी तो घेतला, त्यावर शिक्का मारला आणि 'थँक यू' म्हणाल्या. त्यांना स्वतःला असा फॉर्म नव्हता.

संध्याकाळी घरी येऊन वाटी घेतली. एकच वाटी तांदूळ धुतले, रोज धुते तसेच. भात शिजला, वाढून घेतला, आणि पहिल्याच घासाला मला रडू कोसळलं. पहिल्या वर्षी चौघांचा भात मी एकटीने संपवला होता. त्या दिवशी एका वाटीचा भात माझ्याने संपला नाही.