फ्लोरिकाला दिलेली टाळी

ग्रेगने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून फ्लोरिकाला.

रोमेनियातल्या त्या रोमा, म्हणजे जिप्सी लोकांच्या वस्तीतून आमची व्हॅन निघाली, तेव्हा फ्लोरिकाची सात वर्षांची मिरेला चिखलातून मागे धावत होती. मी खिडकीतून ओरडले, "जुलैत येते!"

ऑकलंडला शिकायला आले त्याच वर्षी चर्चच्या विद्यार्थी-गटाबरोबर त्या वस्तीतल्या मुलांना तीन आठवडे शिकवायला गेले होते. मी ख्रिस्ती नाही. गटप्रमुख ग्रेग म्हणाला होता, "नो वरीज, मुलं सांभाळता येतात ना?" पण मुलं येईनात. फ्लोरिका तर दारातच अडली. मिरेला वर्गात बसली तर तान्ह्याला कोण घेणार? घासाघीस मला नवी नाही. माझी आई सोलापुरात बोहारीण. जुन्या साडीवर पातेलं द्यायचं की वाटी, यावर तासभर भांडायची. मी म्हटलं, तान्हं मी कडेवर घेऊन शिकवते. दुभाष्याने फ्लोरिकाचं उत्तर सांगितलं, "तीन आठवड्यांनी तुम्ही पळणार. पोरीला नाद कशाला लावता?"

मी ग्रेगकडे पाहिलं.

"स्वीट अ‍ॅज, एकदम झकास! सांग तिला, दर जुलैला येऊ."

मी सांगितलं. फ्लोरिकाने माझ्या हातावर खणखणीत टाळी दिली. सौदा पटला की आई अशीच देते. वर बजावते, "मरस्तोवर घासाघीस कर, पण टाळी दिल्यावर जीभ फिरवायची न्हाई."

पुढच्या जुलैला ग्रेगने गट फिजीला नेला. "देवाने यंदा दुसरं दार उघडलंय." मग पहिलं कोणी लावलं, असं विचारलं तर म्हणाला, मी फार मनाला लावून घेते. माझा व्हिसा टांगणीवर होता. एकटी जाणं शक्य नव्हतं. आमच्याच गटातली पुण्याची स्नेहा, आता इथे फार्मसिस्ट आहे, तीही म्हणते, "सोड गं, हीप्स ऑफ लोक असंच करतात."

नाही सोडणार. सात वर्षं झाली, गट तिकडे परत गेलाच नाही. आज ऑकलंडमधल्या पेनरोजच्या गोदामात खरेदी मी बघते. अवोन्डेलच्या बाजारात मला पाहून भाजीवाले आधीच भाव उतरवतात. पण सोलापूरला गेले की आई पाणी द्यायच्या आधी विचारते, "त्या पोरीकडं गेलीस का?" याला उत्तर नाही, तोवर तो उंबरा मला माझा वाटत नाही.

चर्चच्या हॉलमध्ये मिरेलाचा फोटो अजून आहे. खाली लिहिलंय, 'आमचं कुटुंब'.

ग्रेग, येत्या जुलैला मी एकटी जातेय. त्याआधी एका रविवारी त्या फोटोखाली उभा राहा आणि सगळ्यांना सांग, तुझ्या कुटुंबातली ही पोर चौदाची होईपर्यंत कुणाची वाट बघत राहिली. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. इतकी वर्षं का आला नाहीत, असं फ्लोरिका विचारेल तेव्हा तुझं उत्तर मला शब्द न् शब्द सांगायचंय.