नात्यातली बाई चालत न्हाई

शहरातल्या पोरांनो, आज्जी आठवती का रे, का फोनच्या रिचार्जसंगं तीबी संपली? मी सांगून राहिले, सूनबाई ही चिठ्ठी लिहून राहिली.

आज माझी नात रूपा नांदेडच्या विद्यापीठातून तिच्या मॅडमला घेऊन गावात आली. दुष्काळात गावोगाव बातमी कशी पसरते, यावर तिचं संशोधन हाय.

मॅडमनं मला विचारलं, "नवा जिल्हा होणार, हे कुणाकडून कळलं?"

"पाण्याच्या टँकरच्या डायवरकडून."

मॅडमनं लिहिलं आन् लगेच खोडलं. "रूपा, संशोधनात तुझ्या नात्यातली बाई चालत नाही."

रूपाचं तोंड उतरलं. म्या म्हनलं, "मॅडम, सगळं गावच तिच्या नात्यातलं हाय. नापास करता का पोरीला?"

बिननात्याचा एकच सापडला, टँकरचा डायवर सलीम. तो म्हनला, "नव्या जिल्ह्याचं मला तर या आज्जीनंच सांगितलं."

मॅडमनं ते मात्र झटक्यात लिहून घेतलं!

मी बोलले की खोडतात, माझंच सलीम बोलला की लिहितात. आन् आमच्या दोघांत जिल्ह्याचं पहिलं बोललं कोन? तुम्हाला उमजलं तर सांगा.

दुधातल्या दशम्या पाठवा, मळायला पाणी लागत न्हाई. चार जास्त टाका सलीमला. त्योबी मला आज्जी म्हनतो, हे मॅडमला सांगू नका.