फूल बदललेली कविता

प्रेमकविता केली की मुलगी प्रेमात पडते, यावर आजच्या काळात गाढ श्रद्धा असलेला अख्ख्या दिल्ली-गुरुग्राममधला एकमेव माणूस आमच्याच नात्यात निघावा, हे माझं नशीब! हे माझ्या नवऱ्याचे मावसभाऊ. मी त्यांना भावजी म्हणते. शेजारच्या सोसायटीत एकटे राहतात आणि दर रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे खायला येतात. पोह्यांवर खोबरं भरपूर, कोथिंबीर भरपूर, लिंबू मात्र अजिबात नाही. दात आंबतात म्हणे. पोहे झाले की फोन बाहेर निघतो, घसा खाकरला जातो, आणि आमचे हे पेपर तोंडावर ओढून झोपेचं सोंग घेतात. थोड्या वेळात ते सोंग राहत नाही.

नोकरी आयटीतली. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं काम, आणि त्यात म्हणे ते फार वाकबगार आहेत. स्वतःच्या कवितेत मात्र त्यांना आजवर एकही चूक सापडलेली नाही. नोव्हेंबरात आमच्या बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसत नाही, डोळे चुरचुरतात, पोरंटोरं मास्क लावून शाळेत जातात. पण भावजींना त्याही धुरात पौर्णिमेचा चंद्र स्वच्छ दिसतो. मी एकदा म्हटलं, "भावजी, बायकांना वेळेवर गॅस बुक करणारा नवरा आवडतो हो." तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "वहिनी, तुमची पिढी रुक्ष!" आमच्यात तीनच वर्षांचं अंतर आहे.

लग्नाचं वय टळत चाललेलं, म्हणून स्थळं आम्हीच शोधायचो. मुलीशी पहिली भेट झाली की त्याच संध्याकाळी तिच्या फोनवर कविता जायची: 'तुझ्या नयनांच्या डोहात माझी नौका बुडाली, मोगऱ्याच्या गंधाने सांज वेडी झाली.' पुढच्या मुलीच्या वेळी मी डोकावून पाहिलं, तर नौका तीच, डोह तोच, फक्त मोगऱ्याच्या जागी बकुळ. "अहो, हे काय?" तर शांतपणे म्हणतात कसे, "भावना तीच आहे, वहिनी. चाललेली गोष्ट पुन्हा वापरायची, असं आमच्या ऑफिसातही असतं." चालली कुठे होती, हे विचारायचं मी टाळलं.

आता, दिल्लीतली मराठी माणसं ती किती! मंडळाच्या गणपतीला जो तो भेटतोच. एका वर्षी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मुलींचा घोळका फोन एकमेकींना दाखवून खिदळत होता. "यार, तुला मोगरा? मला बकुळ!" "मला तर केवडा आला, बिल्कुल सेम नौका!" त्यात सगळ्यात मोठ्यानं हसत होती एकही फूल न आलेली, पहाडगंजात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी. हसता हसता तिच्या हातातला मोदक खाली पडला. भावजी मागेच उभे होते. दुसरा माणूस तिथून पळाला असता. भावजी पुढे झाले, आपल्या द्रोणातला मोदक तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "नौका बुडालीच आहे, निदान मोदक तरी वाचू दे."

त्या दिवसापासून चक्र उलटं फिरलं. दोघं शनिवारी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या, महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाउसमध्ये मिसळ खायला जाऊ लागली. भावजी येऊन सांगायचे, "वहिनी, ती नाक पुसत पुसत मिसळ खाते, पण थांबत नाही!" एवढा आनंद मी त्यांच्या कुठल्याच कवितेत ऐकला नव्हता. आणि कविता? ती बंद पडली. रविवारी पोहे व्हायचे, फोन निघायचा आणि परत खिशात जायचा. "डोळे लिहिले की ते तिचे वाटतच नाहीत. फूल घालावं, तर सगळी वापरून झालीत."

यांनी पेपर बाजूला केला. "अरे, मग बिनकवितेचं विचार ना! मी नाही विचारलं?"

"तुम्ही कुठे विचारलंत? तुमच्या आईनं विचारलं," मी म्हटलं.

भावजींनी मान हलवली. "सगळ्यांना कविता दिली आणि तिला रिकाम्या हातानं विचारू? नाही. होईल. तिची स्वतःची होईल." होईल, होईल म्हणता हिवाळा आला. कविता काही झाली नाही, आणि पुण्याच्या एका इंजिनीअरशी तिचं लग्न ठरलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती आमच्याकडे आली होती. तिळगूळ घेऊन सगळ्या निघाल्या, ही स्वयंपाकघरात रेंगाळली. मग हसत हसतच म्हणाली, "ताई, एक विचारू? माझ्यात काय कमी होतं? सगळ्यांना फूल आलं. मी वाट बघत होते. मला एक गेंदा पण नाही आला." झेंडूला ती गेंदाच म्हणते. हसत होती, पण डोळे भरले होते. आणि मला वाटत होतं, कवितेवर कुणी भाळत नाही! मी हलक्या हातानं तिच्या तळव्यावर आणखी एक तिळगूळ ठेवला. साखरपुडा झाला होता. बोलणार काय, कपाळ?

भावजींना मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. गेल्या रविवारी मात्र त्यांनी बऱ्याच दिवसांनी, पोह्यांच्याही आधी, फोन काढला आणि घसा न खाकरताच वाचलं:

'तू मिसळीवर लिंबू पिळलंस,
मग न विचारता माझ्याही बशीत पिळलंस.
मला लिंबू चालत नाही,
हे सांगावंसंच वाटलं नाही.'

ना चंद्र, ना डोह. हे पेपर बाजूला ठेवून टक्क जागे होते. "झकास झालीय रे," म्हणाले. "कुठेतरी पाठव."

"पाठवायची होती तिथली वेळ गेली," भावजी म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

मी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली, नेहमीसारखी, बिनलिंबाची. त्यांनी यांच्या बशीतली लिंबाची फोड उचलली, पोह्यांवर पिळली आणि डोळे मिटून पहिला घास खाल्ला.