मावसाजींचा पडदा

कापडाच्या एका तुकड्यावर एवढा जीव लावणारा माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. आमचे ब्रह्मपुरीचे मावसाजी हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांत पडदा ओढतात आणि उरलेलं वर्ष घरात पडदे लावतात. दाराखिडक्यांना आपण सगळेच लावतो हो. मावसाजींनी टीव्हीला लावला, माठाला लावला, एका उन्हाळ्यात तर स्कूटरलाही लावला. मावशीच्या एकाही साडीला सुखानं जुनं होता आलं नाही. जरा विरली की हे टेप घेऊन हजर. दवाखान्यात गेले की आधी तिथल्या पडद्याच्या कड्या हलवून बघणार, मग ताप सांगणार. एकदा कान दुखत होता. कानातही पडदा असतो हे डॉक्टरीणबाईंकडून कळल्यावर, तो कोणत्या रंगाचा, हे समजून घेतल्याशिवाय ते खुर्चीवरून उठले नाहीत.

नाटकात मात्र त्यांचा हात कधी चुकला नाही. नियम एकच. रंगमंचावर कुणी रडत असेल तर ते रडणं पुरं होईपर्यंत दोरी सुटायची नाही, मग दिग्दर्शक विंगेतून कितीही हातवारे करो. कारण विचारलं तर शांतपणे म्हणायचे, "रडनाऱ्या मानसावर पडदा पाडाचा नाई. त्याले पुरतं रडू द्याचं." एका नटीनं रडून रडून थकल्यावर शेवटी त्यांच्याकडे बघून हात जोडले, तेव्हा कुठे पडदा खाली आला. ही कीर्ती ऐकून शेजारच्यांनी त्यांना मुलाच्या लग्नात अंतरपाट धरायला बोलावलं. पहिलं मंगलाष्टक संपलं, यांना वाटलं नांदी झाली, आणि यांनी अंतरपाट सरळ डोक्यावर उचलला. उरलेली मंगलाष्टकं नवरा-नवरीनं एकमेकांकडे बघून हसत ऐकली.

आमच्या बौद्ध लग्नात अंतरपाट नसतो, म्हणून मावसाजींच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न गेल्या वर्षी सुखरूप पार पडलं. वंदना झाली, हार घातले, जेवणं आटोपली. पोरीच्या सासरी, मुलचेऱ्याला जाणारी जीप दारात लागली आणि मावसाजी गायब. मधल्या खोलीच्या पडद्याखाली त्यांचे पाय तेवढे दिसत होते. चावी शोधताहेत, असं मावशी सगळ्यांना सांगत सुटली. वरपक्षाला लांब जायचं होतं, नवरदेवाचे काका दोनदा येऊन चिडून बोलून गेले. मी आत हाक मारली तर "येतो" एवढंच आलं. माणूस काही आला नाही. बाबांना भेटल्याशिवाय मी जीपमध्ये बसणार नाही, असं पोरीनं सांगून टाकलं. शेवटी ती स्वतःच पडद्यापाशी गेली. हात लावला नाही, बाहेरूनच म्हणाली, "बाबा, रडनाऱ्या मानसावर पडदा पाडाचा नाई, हे तुमीच म्हनता ना? मी इथी रडून राह्यली."

पडदा सरकला. मावसाजींचा चेहरा ओला होता. दोघांचं पुरतं रडून होईपर्यंत मग जीपचं नाव कुणी काढलं नाही, काकांनीसुद्धा.

तो पडदा मावशीच्या लग्नाच्या साडीचा होता. मावसाजींनी तो त्याच संध्याकाळी काढला आणि घडी करून पेटीत ठेवला. बाकी घरात पडदे आहेत तसेच आहेत, माठालाही आहे. मधलं दार तेवढं उघडं असतं. मला ते रिकामं दार बघवत नाही. मावसाजी मात्र चहाचा कप घेऊन रोज तिथंच बसतात, कारण तिथून थेट रस्ता दिसतो आणि मुलचेऱ्याकडून येणारी बस तिथंच वळते.